ओल झाकायची की बाहेर काढायची?

प्रश्न : आमचं घर सांगलीत, गावभागात आहे. आजेसासऱ्यांनी बांधलेलं. भिंती विटांच्या, चौदा इंची. खाली शहाबादी फरशी, वर सागवानी तक्तपोशी. २०१९ च्या पुरात पुढच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं, २०२१ मध्ये गुडघ्याच्या वर. त्यानंतर दोनदा रंग दिला, तरी जमिनीपासून साडेतीन फुटांपर्यंत दर पावसाळ्यात पोपडे सुटतात आणि पांढरी पूड पडते. दिवाळीला दोन महिने आहेत, तोवर घर नीट सजवायचं आहे. एका कंत्राटदाराने खाली पीव्हीसी पॅनेल, वर पीओपीचं सीलिंग आणि फरशीवर टाइल्स सुचवल्यात. बजेट दीड लाख. सासऱ्यांना दमा आहे, मुलं लहान आहेत, आणि घर सोडून राहायची सोय नाही. सासूबाई जुनं सागवानी कपाट काढू देत नाहीत. सुरुवात कुठून करू?

उत्तर :

ताई, कंत्राटदाराने सुचवलेल्या तिन्ही गोष्टी तुमच्या घरात करू नका. पॅनेल भिंत झाकतं, टाइल्स फरशी झाकतात, सीलिंग छत झाकतं. तुमच्या घराचं दुखणं नेमकं हे आहे की आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. राहिलेली वाटही बुजवली, तर आज साडेतीन फुटांवर असलेली ओल दोन-तीन पावसाळ्यांत पॅनेलच्या वर डोकं काढेल. शिवाय मागच्या लाकडी पट्ट्यांना वाळवी लागेल ती वेगळीच, आणि पॅनेल उचकटेपर्यंत ती दिसणारही नाही.

ती पांढरी पूड म्हणजे लोणा. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि गावभागातल्या घरांत ते लगेच ओसरलं नाही. त्या पाण्याबरोबर गाळ, गटाराचं पाणी आणि क्षार विटांत शिरले. नंतर पाणी उडून गेलं, पण क्षार आतच राहिले. भिंत वाळायला लागली की ते पृष्ठभागाकडे येतात, तिथे त्यांचे खडे बनतात, आणि फुगलेला खडा वरचा रंग ढकलून देतो. पावसाळ्यात हेच क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतात, म्हणून कोरड्या दिवसांत बरी दिसणारी भिंत श्रावणात पुन्हा ओली लागते. रंग जितका महागडा आणि घट्ट, तितका पोपडा मोठा. तुमच्या रंगाऱ्याने काम वाईट केलं असेलच असं नाही. प्लॅस्टिक इमल्शन अशा भिंतीवर टिकतच नाही.

पण सगळा दोष पुराचा नाही, हेही तपासून घ्या. वीटकाम वाळायला ढोबळमानाने दर इंच जाडीला एक महिना धरतात. चौदा इंची भिंतीला वर्ष-सव्वा वर्ष पुरायला हवं होतं. इतक्या वर्षांनंतरही ती ओली असेल, तर एकतर तिला वाळू दिलेलं नाही, किंवा नवं पाणी कुठून तरी येतं आहे. बहुतेक घरांत दोन्ही असतं.

आधी पुरानंतरचा गिलावा कशाचा आहे ते पाहा. खिळ्याने कोपऱ्यात ओरखडा काढा. राखाडी आणि टणक लागला तर सिमेंट, पांढरट आणि भुसभुशीत निघाला तर चुना. जुन्या चुन्या-मातीच्या वीटकामावर सिमेंटचा गिलावा असेल, तर ओल आणखी वर चढण्याचं निम्मं कारण तिथेच सापडलं.

मग भिंतीवर एके ठिकाणी सुटा रंग खरवडून, फूट-बाय-फूट पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला आले तर ती खोलीतली दमट हवा आहे आणि उपाय खिडक्या उघडण्याचा आहे. हीच चाचणी पाच फुटांवरही करा. तिथे कोरडं राहिलं तर वरच्या भिंतीचं काम बिनघोर करता येईल.

रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा वाचा. आकडा सरकला असेल तर पाइप कुठेतरी गळतो आहे, आणि तो दुरुस्त केल्याशिवाय भिंतीवर एक रुपयाही घालू नका.

नंतर बाहेरून चक्कर मारा. जुन्या वस्तीत रस्त्याचे थर चढत जातात आणि घराचं जोतं खाली राहतं. अंगणात भिंतीला चिकटवून पेव्हर ब्लॉक किंवा कोबा केला असेल, तर पावसाचं पाणी सरळ घराच्या पायात मुरतं. भिंतीलगत नऊ इंच रुंद आणि फूटभर खोल पट्टा उकरा, त्यात खडी भरा आणि पुढच्या जमिनीला उतार घराबाहेर द्या, पाच फुटांना किमान एक इंच. खोदताना पाया उघडा पाडायचा नाही. दगड दिसायला लागले की थांबा. पन्हळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर पाइप लावून ते गटारापर्यंत न्या. हे काम दिसायला शोभेचं नाही, पण घर सजवायच्या दीड लाखातला पहिला खर्च हाच आहे.

आता दिवाळीचं. भिंतीची खरी दुरुस्ती दिवाळीआधी होणार नाही, आणि ती रेटून करूही नका. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर नवा गिलावा म्हणजे पैसे पाण्यात. पण सणाला घर स्वच्छ आणि प्रसन्न दिसेल एवढं नक्की करता येतं.

खालच्या भागातले पोपडे पत्र्याच्या खरवडणीने काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. इथे बहुतेक जण चुकतात : भिंत पाण्याने धुतात. धुतलं की क्षार विरघळून पुन्हा विटेत जातात. खाली जुनं प्लॅस्टिक अंथरा, पडलेली पूड गोळा करा आणि घराबाहेर टाका. फरशीवर राहिली तर पुसण्याच्या पाण्याबरोबर परत भिंतीत. झाडणाऱ्याच्या तोंडावर एन-९५ मास्क हवा. त्या दिवशी सासऱ्यांना आणि मुलांना नातेवाइकांकडे पाठवा. दोन दिवसांसाठी एवढी सोय कुठेतरी होईल. दम्याच्या माणसाने ही धूळ श्वासात घेणं धोक्याचं आहे.

मग तिथे चुन्याची सफेदी द्या. चुना सच्छिद्र असतो, त्यातून भिंतीची वाफ बाहेर जाते. लोणा पुन्हा आला तरी मोठे पोपडे सुटत नाहीत, पूड पडते; ती झाडली आणि एक हात फिरवला की झालं. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी धरा. चुना लोखंडी पिंपात किंवा घमेल्यात विरवायचा, प्लॅस्टिकच्या बादलीत नाही, कारण तो उकळतो. आधी पाणी, मग त्यात थोडाथोडा चुना. उलट केलं तर अंगावर उडतो. डोळ्यांत गेला तर दृष्टीला धोका आहे, म्हणून गॉगल आणि रबरी हातमोजे घालूनच, आणि मुलांना जवळ फिरकू न देता. दिवसभर मुरू द्या, जाड्याभरड्या कापडातून गाळा, थोडा गरम पाण्यात विरघळवलेला डिंक घाला. पातळ हात तीन. पहिला हात लावताना भिंत अगदी पारदर्शक दिसते आणि माणूस घाबरून चुना दाट करतो. दाट हात नंतर खपल्यांनी सुटतो. वाळल्यावर पांढरेपणा आपोआप येतो. बारा बाय चौदाच्या खोलीत साडेचार फुटांपर्यंतची जागा, दारं वगळून, साधारण २०० चौरस फूट होते. तीन हातांना पाच-सहा किलो चुना पुरतो. आणि हो, सफेदी फक्त सच्छिद्र पृष्ठभागावरच धरते. जुन्या इमल्शनचा घट्ट चिकटलेला भाग राहिला असेल तर तोही खरवडायला हवा.

पूर्ण पांढरं नको असेल तर खालच्या भागाला गेरूचा पट्टा करा. आपल्या जुन्या घरांना तो फार शोभतो, शहाबादीच्या निळसर करड्या रंगाशी जुळतो, आणि लोणा कुठे फुटतोय हे त्यावर लगेच दिसतं. गेरू चुन्यातच मिसळा, चुन्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे किलोला ५० ग्रॅम. जास्त घातला तर बांधून राहत नाही आणि कपड्यांना लागतो. एवढ्या प्रमाणात रंग लालभडक येणार नाही, फिकट मातकट गुलाबी येईल. तेच त्या खोलीला चांगलं दिसेल. ओला असताना रंग फार गडद भासतो, म्हणून आधी दाराआडच्या जागेवर फूटभर लावून दुसऱ्या दिवशी पाहा आणि मगच ठरवा. पट्ट्याची वरची कड सुतळीला रंग लावून पाणसळीने मारा. फरशीवरून मापलं तर जुन्या घरात कड हमखास तिरकी येते, कारण फरशीच सपाट नसते.

वरची भिंत कोरडी निघाली असेल तर तिथे साधं इंटिरियर इमल्शन किंवा ॲक्रिलिक डिस्टेंपर चालेल. दहा फूट उंचीच्या त्याच खोलीत वर सुमारे २५० चौरस फूट उरतात, दोन हातांना चार-पाच लिटर धरा. सासऱ्यांसाठी कमी वासाचा, डब्यावर लो व्हीओसी लिहिलेला रंग घ्या, आणि ती खोली रंगल्यावर चार-पाच दिवस तिथे झोपू देऊ नका. लांबी (पुट्टी) भरायचीच असेल तर पट्ट्याच्या वर, खाली अजिबात नाही.

दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटबाबत एक सावधगिरी. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तुमच्या दारांवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. ते कोरडे घासू नका, जाळूनही काढू नका. पाण्याचा पॉलिशपेपर वापरा, चिखल कागदावर धरून टाकून द्या, आणि लहान मुलांना त्या दिवशी लांब ठेवा. थर घट्ट बसला असेल तर काढूच नका, वरून नवा हात मारा.

रंगाआधी वायरिंग. हा क्रम चुकला तर रंगवलेली भिंत पुन्हा फोडावी लागते. पाणी छातीपर्यंत आलेलं घर आहे, तेव्हा प्लगचे सगळे बोर्ड पुराच्या खुणेच्या वर घ्या आणि वायर खालून वर नव्हे, छताकडून खाली आणा. लाइट-पंख्याला १.५ चौरस मिलिमीटरची वायर, १६ अँपिअरच्या प्लगला २.५ ची, गीझरला ४ ची. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारी कळ) बसवून घ्या. ओल्या भिंतीच्या घरात ती नसणं म्हणजे जिवाशी खेळ. अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्या. ओल्या भागात भिंत खोदून झिरी मारण्यापेक्षा वरून पट्टी फिटिंग बरं, दिसायला थोडं जुनं वाटलं तरी. उजेडासाठी मधोमध एक भगभगीत ट्यूब लावण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी ९ वॉटचे पिवळसर, ३००० केल्व्हिनचे दिवे लावा. गेरू आणि सागवान त्या उजेडात उठून दिसतात, पांढऱ्या उजेडात मरगळतात.

तक्तपोशीखाली पीओपी कशाला हवं? सागवानी छत झाकायला लोक पैसे देतात याचं वाईट वाटतं. वर कौलं गळली किंवा वाळवी लागली तर सीलिंगमुळे कळणारच नाही, आणि पंखा खाली येईल. आधी कोरड्या मऊ ब्रशने जाळीजळमटं काढा, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि दोन दिवस वाळू द्या. पुढे डबल बॉइल्ड जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं मिसळून पातळ हात, पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेलं तेल पुसून घ्यायचं. दोन दिवसांनी दुसरा हात. पुसायचं राहिलं तर छत चिकट होतं आणि धूळ धरतं. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी अंगणात सुटी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. टर्पेंटाइनच्या वासाचे हे दिवसही सासऱ्यांनी बाहेर काढावेत.

फरशीवर टाइल्स नकोत. फरशीच्या सांध्यांतून जी ओल उडून जाते ती टाइलखाली अडकली की भिंतीकडे वळते, आणि उंबरे बुडतात. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, म्हणून ॲसिडने कधीही धुऊ नका. कायमची निस्तेज होते. साधं साबणाचं पाणी आणि काथ्या. हललेल्या फरशा काढून खाली वाळू-चुना घालून पुन्हा बसवा, सांधे चुन्यानेच भरा. ज्या खोलीचा पॉलिश करायचा मोह होईल ती मुलांच्या धावण्याची नसावी.

कामाचा क्रम आतून बाहेर ठेवा : आधी माजघर, शेवटी पुढची खोली, कारण राडारोडा पुढच्या दारानेच जाणार. एका वेळी एकच खोली. दाराला ओली चादर लावा आणि ती दिवसातून तीन-चारदा ओली करा, धूळ तिथेच धरली जाते. स्वयंपाकघर चार दिवसांच्या वर बंद राहणार नाही अशी गवंड्याशी बोली करा. देवघर कुठे हलवायचं, किती दिवस, हे सासूबाईंना ठरवू द्या. त्यांच्या रोजच्या उठण्याबसण्याच्या जागा बदलल्या की सगळं घर अवघडून जातं, आणि दुरुस्ती त्यांना शत्रू वाटायला लागते.

कपाटाच्या बाबतीत सासूबाई बरोबर आहेत. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफचं फर्निचर एकदा पाण्यात भिजलं की फुगून संपतं. सागवान भिजतं, वाळतं आणि टिकतं. खण आत्ता अडकत असतील तर सुताराला रंधा मारू देऊ नका. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, आज तासलं तर उन्हाळ्यात खण खुळखुळे होतील. मेणबत्ती घासून काम भागवा, आणि मापाचं काही करायचं ते मार्चनंतर. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढा आणि पायांखाली कडाप्प्याचे तुकडे द्या. नवं काही करायचंच असेल तर भिंतीला पक्कं बसवू नका. नटबोल्टने सुटं होऊन माळ्यावर चढवता येईल असं करा. प्लायवूड घ्यायचा झाला तर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचा, शिक्का पाहून.

खरी दुरुस्ती दिवाळीनंतर. नोव्हेंबरात खालचा गिलावा लोण्याच्या सगळ्यांत वरच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत, म्हणजे तुमच्याकडे साडेचार फुटांपर्यंत, पूर्ण काढायचा. विटांच्या दर्जा (मधले सांधे) पाऊण ते एक इंच खोल खरवडायच्या, जास्त नाही. भिंत तशीच उघडी फेब्रुवारीपर्यंत. त्या तीन महिन्यांत आठवड्यातून एकदा लोणा कोरडा झाडायचा; प्रत्येक वेळी जी पूड निघेल तेवढे क्षार भिंतीतून कायमचे गेले. पुढच्या खोलीला तीन महिने उघड्या विटा बघणं जिवावर येईल, तर एकेक भिंत घ्या. चौकटीपासून लांबची, बाहेरच्या बाजूची भिंत आधी.

फेब्रुवारीत चुन्याचा गिलावा. मिश्रण १ भाग मुरलेला चुना, १ भाग सुरखी (विटांची भुकटी), २ भाग धुतलेली वाळू. चुना निदान पंधरा दिवस पाण्याखाली मुरलेला हवा. कच्चा राहिला तर गिलाव्यावर पुढे महिनाभराने फोड उठतात. सुरखी नव्या, पक्क्या भाजलेल्या विटांची. गवंडी तुमच्याच भिंतीतून निघालेल्या विटा कुटायला घेईल, तर थांबवा; त्यातच क्षार भरलेत. २०० चौरस फुटांना पाऊण इंच जाडीने, दर्जा धरून, सुमारे २० घनफूट सुटा माल लागतो : ५ चुना, ५ सुरखी, १० वाळू. विटा ओलावून पहिला थर दहा-बारा मिलिमीटर, आठ-दहा दिवसांनी दुसरा त्याहून पातळ. फरशीपासून एक इंच वर थांबायचं, म्हणजे पुसण्याचं पाणी गिलावा ओढणार नाही. सांगलीचं फेब्रुवारीचं ऊन चुन्याला फार कडक असतं. ओली पोती टांगून, दिवसातून तीनदा पाणी शिंपडून दहा दिवस ओलावा राखला नाही, तर केसांएवढ्या भेगा पडतील.

गवंडी "मूठभर सिमेंट टाकतो, लवकर धरेल" असं नक्की म्हणेल. टाकू देऊ नका. आणि चुन्याचं काम येणारा गवंडी आत्ताच शोधायला लागा. मिरजेत, वाईत जुन्या वाड्यांची कामं चालू दिसली तर तिथे चौकशी करा, त्याने केलेली दोन पावसाळे जुनी भिंत हाताने चाचपून पाहा. सिमेंटवर हात बसलेल्या माणसाला पहिल्यांदा तुमच्या पुढच्या खोलीवर शिकू देऊ नका. शिकायचं तर मागच्या परसदारच्या भिंतीवर.

पुढे खालच्या पट्ट्याला एक-दोन वर्षांनी सफेदीचा हात द्यावा लागेल, हे गृहीत धरा. पुराची आणि जमिनीची ओल असलेल्या घरात भिंत सांभाळावीच लागते. खर्च दोन-चार किलो चुन्याचा आणि एका रविवारचा.

पडदे, गाद्यांचे अभ्रे, चित्रं हे सगळ्यांत शेवटी. इचलकरंजी जवळ आहे, सुती कापड तिथून वारावर घेता येईल. पडद्याला खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड, शिवायच्या आधी धुऊन आटवलेलं, आणि खालची कड फरशीपासून दोन बोटं वर.

कंत्राटदाराला आगाऊ पैसे दिले नसतील तर आजच नाही म्हणा. दिले असतील तर त्याच पैशांत त्याच्याकडून बाहेरचा खडीचा पट्टा आणि पन्हळ करून घेता येते का ते विचारा. दोन्ही कामं पाऊस उघडला की लगेच सुरू करण्यासारखी आहेत.